आमच्या घरातला पहिला नेतिवोतकर

कोल्ह्याने सातवी कोंबडी नेली त्या दिवशी मी जाहीर केलं, की या घरात आता कुत्रा येणार. जाहीर केलं म्हणजे भातावर आमटी वाढून घेताना म्हणालो. माझ्या जाहीर करण्याला आमच्या घरात सहसा कोणी मान वर करून पाहत नाही. पण त्या दिवशी सॅलीने हातातला डाव खाली ठेवला आणि म्हणाली, "मी पण तेच म्हणणार होते."

तेवीस वर्षांच्या संसारात आमचं एकमत होण्याची ही तिसरी वेळ. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण आनंदाच्या भरात मी विचारलंच नाही, की तिच्या मनातला कुत्रा केवढा आहे. माझ्या मनातला कुत्रा अल्सेशियन होता. छातीएवढा उंच, काळ्या पाठीचा, नुसता खाकरला तरी कोल्हा सरहद्द ओलांडून जाईल असा. सॅलीच्या मनातला कुत्रा पांढरा होता आणि मांडीवर मावत होता.

"मांडीवर बसून तो कोल्ह्याला काय करणार?" मी विचारलं.

"कोल्ह्याचं तुम्ही बघा," सॅली म्हणाली. "येमिमा सासरी गेली की दिवसभर या घरात मी कोणाशी बोलू? तुम्ही गिरणीतून येता ते जेवता आणि झोपता."

हे त्रेसष्ट सालचं, आम्ही मुंबई सोडून ज्यूंच्या नव्या देशात आल्यानंतरचं. नेतिवोतला आमच्या ओळीत चौदा घरं, प्रत्येकामागे हातरुमालाएवढं अंगण, आणि अंगणापलीकडे कोरडा ओढा. कोल्हे त्या ओढ्यातून येत. मी सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये बॉबिनी देण्या-घेण्याचं काम करी. माझं नाव सॅमसन पेझारकर. नाव ठेवताना आईबापांच्या डोळ्यांसमोर सिंहाचा जबडा हातांनी फाडणारा वीर असावा. मी पाच फूट तीन इंचांवर थांबलो.

आमच्या मुलीचं, येमिमाचं, लग्न ठरलं होतं, तेवढं आधी सांगून ठेवतो. मुलगा मेईर, एलातच्या बंदरात क्रेन चालवतो. आईबाप ट्युनिसहून आलेले, मुलगा सरळ, जेवताना ताटात काही टाकत नाही. अडलं होतं कचेरीत. लग्नं नोंदवणाऱ्या कचेरीत त्या सुमारास आमच्या लोकांसाठी खास नियम आला होता : हिंदुस्थानातून आलेल्यांनी आपली आई, आईची आई, आणि मागे जाता येईल तितकं मागे जाऊन सगळ्या आपल्यातल्याच, म्हणजे ज्यूच, होत्या, हे सिद्ध करायचं. रजिस्ट्रारसाहेबांनी सॅलीच्या आजीचा केतुबा, म्हणजे लग्नाचा लेखी करार मागितला. तो केतुबा रेवदंड्याच्या घरी एका पेटीत होता आणि त्या पेटीला वाळवी लागून चाळीस वर्षं झाली होती. वाळवी म्हणजे काय हे साहेबांना समजावून सांगण्यात आमची पहिली भेट संपली. दुसरी तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली.

त्या दोन महिन्यांत मी कुत्र्याकडे लक्ष दिलं. आपल्या हातून होण्यासारखं जे असेल त्यात माणसाने लक्ष घालावं, असं माझं मत आहे. आता ते थोडं बदललं आहे.

कुत्रा पाळायचा तर मोअत्साचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, परवाना लागतो. तिथे खिडकीशी बेझालेल नावाचा गृहस्थ बसे. त्याला घाई हा प्रकार माहीत नव्हता.

"कुत्रा कुठे आहे?" त्याने विचारलं.

"अजून आणायचाय."

"कुत्रा नसताना परवाना देता येत नाही."

"आणि परवाना नसताना कुत्रा आणला तर?"

"दंड."

एवढं बोलून तो ऑलिव्ह खाऊ लागला. मी हललो नाही, तेव्हा दया येऊन त्याने एक गुलाबी अर्ज दिला. त्यात नाव, जात, रंग वगैरे रकाने होते आणि शेवटी लिहिलं होतं : उद्देश – राखण / सोबत. लागू नसेल ते खोडावे. राखणीचा कुत्रा अंगणात साखळीने बांधायचा, सोबतीचा घरात ठेवायचा, दोन्ही एकदम चालणार नाही. "आधी उद्देश ठरव," बेझालेल म्हणाला. "लोक आधी कुत्रा आणतात आणि मग रडतात."

मी अर्ज घरी आणला आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवला. बातमी मात्र माझ्या आधी ओळीत पोहोचली होती. पलीकडच्या दारातला शमुएल भिंतीवरून डोकावला. त्याचं म्हणणं, मी हंस पाळावा. हंस ओरडतो, अंडी देतो आणि सणाला कापता येतो. "कुत्रा सणाला काय कामाचा?" त्याने विचारलं. मी कोंबड्यांना दाणे टाकू लागलो.

तीन दारं सोडून नेहेम्या राहत असे. तो मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होता आणि त्याच्या साहेबाकडे दोन अल्सेशियन होते. तेवढ्या भांडवलावर तो आमच्या ओळीचा कुत्र्यांमधला तज्ज्ञ झाला होता.

"लार्ज ब्रीड, सॅमसन, लार्ज ब्रीड!" तो म्हणाला. "माझ्या साहेबाचा टायगर पोस्टमनला ओळखायचा. ऑर्डिनरी पत्र असलं तर भुंकायचा, रजिस्टर असलं तर गप. ब्लड बोलतं, भाऊ!"

नेहेम्याचे वडील अबाजीकाका दारातल्या संत्र्यांच्या खोक्यावर बसलेले असत. वय चौऱ्याऐंशी. मूळचे रेवदंड्याचे. त्यांच्यासमोर कशाचाही विषय काढा, ते एकच सांगत. जेटचं विमान डोक्यावरून गेलं तरी म्हणत, "पाहिलंय मी." त्यामुळे त्यांना काही विचारायचं आम्ही सोडून दिलं होतं. मी अल्सेशियनबद्दल बोलत होतो तेव्हाही त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "पाहिलाय मी."

आधी लहान कुत्रा बघायला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे सॅलीने ठरवलं. तेल अविवला एका जर्मन बाईंकडे पॉमेरेनियनची पिल्लं आहेत असं येमिमाच्या मैत्रिणीकडून कळलं होतं. आता चूक कुठे झाली ती सांगतो. आपल्याकडे कुणाच्या घरी बघायला जायचं म्हणजे एक रीत असते, आणि त्या रीतीबाहेर आम्हांला बघायला जाता येत नाही. सॅलीने ठेवणीतलं मोतिया पातळ काढलं. मी जून महिन्यात मुंबईचा लोकरी कोट चढवून टाय बांधला. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून सॅलीने करंज्यांचा डबा घेतला. बसमध्ये एका माणसाने मला उठून जागा दिली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

बाई तिसऱ्या मजल्यावर राहत. त्यांनी आम्हांला आपादमस्तक पाहिलं, कोचावर बसवलं आणि प्रश्न सुरू केले. खोल्या किती? घरात दिवसा कोण असतं? आवाज चढवून बोलता का? याआधी कुत्रा होता का आणि त्याचं काय झालं? मी वधूपित्याच्या नम्रपणाने उत्तरं देत होतो. तेवढ्यात पिल्लू आलं. पांढरं होतं आणि खरोखर मांडीवर मावत होतं, कारण ते थेट सॅलीच्या मांडीवर जाऊन बसलं. सॅलीचा चेहरा असा झाला, की मी मनातल्या मनात अल्सेशियनचा नाद सोडला.

मग बाईंनी कपाटातून एक जाड कागद काढला. सोनेरी कड, लाल शिक्का. "याची वंशावळ," त्या म्हणाल्या. सॅलीने पदराला हात पुसले, कागद घेतला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत वाचू लागली. आई : फ्लोरा. आईची आई : लोटे. आईच्या आईची आई : बेर्टा, श्टुटगार्ट. तिथे तिचं बोट थांबलं.

"मी पिल्लू कोणालाही देत नाही," बाई म्हणाल्या. "घराणं पाहते. तुम्ही कुठले?"

"रेवदंडा," सॅली म्हणाली.

बाईंनी कपाटातून नकाशांचं पुस्तक काढलं. रेवदंडा त्यात नव्हतं. मी अलिबाग सुचवलं, तेही नव्हतं. शेवटी आम्ही मुंबईवर तडजोड केली. पण नेतिवोत म्हटल्यावर बाईंनी पुस्तक मिटलं. तिथे धूळ फार, याच्या डोळ्यांना सोसणार नाही, माफ करा. त्यांनी पिल्लू सॅलीच्या मांडीवरून उचलून घेतलं. बाई उद्धट नव्हत्या, जिन्यापर्यंत पोचवायला आल्या.

बसस्टॉपवर सॅलीने डबा उघडला, एक करंजी मला दिली आणि एक स्वतः घेतली. तिने ती संपवली. मग म्हणाली, "अहो, त्या कुत्र्याला पणजीचं नाव ठाऊक आहे."

मी म्हणालो, करंजी छान झाली आहे.

पुढच्या आठवड्यात नेहेम्याने मला अल्सेशियन बघायला नेलं. जवळच्याच एका मोशावमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या वस्तीत, एक दणकट गृहस्थ ते तयार करून विकत. कुत्र्याचं नाव हासो. तो कुंपणाआड बसला होता आणि बसलेला माझ्या टायपर्यंत येत होता. इथेही वंशावळीचा कागद निघाला. हा पाच पिढ्यांचा होता आणि हॅम्बुर्गला जाऊन थांबत होता. नेहेम्याने तो साहेबी थाटात चाळला आणि "गुड ब्लड" म्हणाला. कुंपणाचं दार उघडल्यावर मात्र तो सल्ला द्यायला ट्रॅक्टरवर चढून बसला.

"हुकूम दे," मालक मला म्हणाला.

मी म्हणालो, "शेव." म्हणजे बस. हासोने माझ्याकडे पाहिलं आणि मग मालकाकडे पाहिलं, जणू हा कोण विचारतोय. "पोटातून आवाज काढ," मालक म्हणाला. मी पोटातून काढला. हासो उठला, शांतपणे चालत आला, त्याने दोन्ही पाय माझ्या खांद्यांवर ठेवले आणि मी बसलो. ट्रॅक्टरवरून नेहेम्या ओरडला, "घाबरू नकोस, तो फ्रेंडली आहे!" हासोने माझं तोंड चाटलं तेव्हा ते मलाही पटलं, पण उठता येत नव्हतं.

"कुत्रा तयार आहे," मालकाने निकाल दिला. "तू नाहीस." आणि हासोला आत नेलं.

एका पंधरवड्यात आम्हांला एका लहान आणि एका मोठ्या कुत्र्याने नापसंत केलं. ओळीतल्या चौदाही घरांना तपशील कळला होता, कारण नेहेम्या माझ्याबरोबर आला होता. शमुएलने भिंतीवरून नुसतं "हंस" एवढंच म्हटलं.

आणि मग एका सकाळी मागच्या दारात तिसराच येऊन बसलेला दिसला. पिवळट रंग, उभे कान, पाठीवर गोल वळलेलं शेपूट. गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली, म्हणजे लहानही नाही आणि मोठाही नाही. कोरड्या ओढ्यातून आला असणार. सॅलीने हाड हाड केलं. तो थोडा सरकला. उरलेल्या करंज्या खवट होऊ लागल्या होत्या, त्यांतली एक तिने टाकली. तो पुन्हा जवळ सरकला. चार दिवसांत डबा रिकामा झाला आणि तो पायपुसण्यावर झोपू लागला.

"हॅः!" नेहेम्या म्हणाला. "हा तर आपला गावठी! याच्यासाठी तेल अविवला गेलात?"

अबाजीकाका खोक्यावरून म्हणाले, "पाहिलाय मी. रेवदंड्याच्या मासळीबाजारात."

तो सगळ्यांवर भुंके. पोस्टमनवर, शमुएलवर, माझ्या कोटावर. कोल्ह्यावर मात्र कधी भुंकला नाही, त्यांची जुनी ओळख असावी. त्याचं नाव काय ठेवायचं यावर जेवताना चर्चा झाली. येमिमा आमच्याशी मराठीत बोलत नाही. आम्ही मराठीत विचारतो, ती हिब्रूत उत्तर देते, आणि असं आमचं अनेक वर्षं सुरळीत चाललं होतं. तिने मला हिब्रूत विचारलं, "अबा, तुम्ही पेझारीचे म्हणून पेझारकर ना? हा कुठला?"

"हा इथलाच," मी म्हणालो.

"मग नेतिवोतकर," ती म्हणाली. घरात इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून आलेला तो एक मराठी शब्द. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नाव पक्कं झालं.

आता कुत्रा होता, म्हणून मी बेझालेलकडे गेलो. तो म्हणाला, "जात?"

"काही नाही."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही." मग त्याने कुत्रा पिसाळू नये म्हणून लस टोचणारी सरकारी डॉक्टरीण आमच्याकडे पाठवली, की तीच काय ते लिहील. पोरगी तरुण होती. तिने सुई भरली, नेतिवोतकरकडे वळली आणि सुई हातात धरून तशीच उभी राहिली. मग गुडघ्यांवर बसून तिने त्याचे कान पाहिले, शेपूट पाहिलं, आणि मला विचारलं, "हा तुम्हांला कुठे मिळाला?" मला वाटलं, चोरीचा आळ येणार. मी ताबडतोब सॅलीकडे बोट दाखवलं.

आठ दिवसांनी, तिने कळवल्यावरून, यरुशलेमहून कुत्र्यांच्या जाती तपासणारे दोन परीक्षक आले, एक उंच आणि एक जाड. सगळी ओळ जमली. शमुएलने खुर्च्या आणल्या. परीक्षकांनी नेतिवोतकरची उंची मोजली, दात मोजले, डोळ्यांत बॅटरी मारली. आमच्याकडे कुत्र्याच्या वाकड्या शेपटाला नळीत घालून पाहिल्याची म्हण आहे. इथे त्या वाकडेपणाचेच गुण मिळाले. मग जाड परीक्षक उठून उभे राहिले आणि व्याख्यान दिल्यासारखं सांगू लागले, की हा या भूमीचा मूळ कुत्रा आहे. चार हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या मेंढ्या हेच राखत. पुढे पूर्वज देशोधडीला लागले आणि हे वाळवंटात राहिले. लोक गेले, कुत्रे राहिले.

"पण आमच्या रेवदंड्याला असे वीस होते," अबाजीकाका म्हणाले. नेहेम्याने नाइलाजाने त्याचा हिब्रू तर्जुमा केला.

"शक्य नाही," परीक्षक म्हणाले.

अबाजीकाकांनी विचार केला. "मग आमच्याबरोबर आले असतील. कोकणात नवगावला आमच्या वाडवडलांचं गलबत फुटलं तेव्हा पोहत."

परीक्षकांनी ते लिहून घेतलं नाही. त्यांनी एक जाड कागद काढला. सोनेरी कड नव्हती, पण शिक्का होता. नाव : नेतिवोतकर. पिता : अज्ञात. माता : अज्ञात. जात : शुद्ध. आधार : प्रत्यक्ष पाहणी. खाली दोन सह्या.

मी म्हणालो, "साहेब, आई ठाऊक नाही, बाप ठाऊक नाही, मग शुद्ध कशावरून?"

"पाहून कळतं की," उंच परीक्षक म्हणाले आणि बॅटरी खिशात ठेवली.

सगळ्या ओळीने टाळ्या वाजवल्या. नेहेम्याला तर म्हणे पहिल्या दिवसापासूनच तसा संशय आला होता. माझं लक्ष मात्र येमिमाकडे गेलं होतं. ती कागद घेऊन उन्हात उभी होती आणि दोनदा तीनदा वाचत होती.

बेझालेलने जातीचा रकाना भरला आणि कधी नव्हे ते उठून माझा हात हातात घेतला. मग म्हणाला, "उद्देश?" मी म्हणालो, अजून ठरत नाही. त्याने तीन महिन्यांचा तात्पुरता परवाना दिला आणि अर्ज माझ्याकडे परत केला.

मग कचेरीतली दुसरी तारीख आली. मी, सॅली आणि येमिमा गेलो. रजिस्ट्रारसाहेब गृहस्थ वाईट नव्हते. वय झालेलं, डोळ्यांखाली काळं, समोर फायलींचा ढीग. त्यांनी पाणी विचारलं. मग केतुबा विचारला. मी मुंबईच्या सिनेगॉगचं पत्र दिलं, जन्माचे दाखले दिले, आजीचा एकुलता एक फोटो दिला. फोटोत आजी नऊवारीत, नाकात नथ घालून, फोटोग्राफरवर रागावून बसली होती. साहेबांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"कागद हवा," ते म्हणाले. "नियम मी केलेला नाही. कागद नसेल तर मला पुढे लिहावं लागेल, आणि वरून उत्तर यायला वर्ष लागेल, दोनही लागतील."

सॅलीने माझ्या बाहीला धरलं. दोन वर्षं! मेईरला बंदराच्या वसाहतीत मिळालेली खोली लग्न झालेल्यांसाठीची होती. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी वाळवीकडे वळणार तेवढ्यात येमिमाने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

"हा वाचा," ती म्हणाली. "आमच्या घरातलाच आहे."

साहेबांनी चष्मा सारखा केला आणि वाचू लागले. "नेतिवोतकर. पिता अज्ञात. माता अज्ञात. शुद्ध. आधार, प्रत्यक्ष पाहणी..." त्यांनी वर पाहिलं. "हा कोण?"

"कुत्रा."

साहेबांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"दोन परीक्षक आले होते," येमिमा म्हणाली. "वीस मिनिटं लागली. तुम्हीही दोन माणसं बोलवा. मी उभी राहते. कान बघा, उंची मोजा. दात पण बघा." आणि तिने साहेबांसमोर आऽ करून तोंड उघडलं.

मला टेबलाखाली जावंसं वाटलं. लाज वाटली आणि अभिमान वाटला, दोन्ही एकदम, आणि जास्त कुठलं ते मला आजही सांगता येणार नाही. सॅली रडू लागली. येमिमाने तोंड मिटलं नाही. तिचे डोळे भरून आले होते तरी ती तशीच तोंड उघडून उभी होती.

साहेबांनी चष्मा काढला. "मीट, बाळ," ते हळूच म्हणाले. मग फोटो पुन्हा उचलला. "हिला पाहिलेलं कोणी हयात आहे का? स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं?"

सॅलीने माझ्याकडे पाहिलं आणि मी सॅलीकडे. दोन महिने आम्ही कागद शोधत होतो. मुंबईला पत्रं घातली, रेवदंड्याला माणूस पाठवला. आणि तीन दारं सोडून खोक्यावर बसलेला माणूस रोज उठून सांगत होता, की पाहिलंय मी.

पुढच्या मंगळवारी अबाजीकाकांना नेलं. त्यांनी काळा कोट आणि फेल्ट टोपी घातली होती. दुभाषा त्रयस्थ हवा असा नियम होता, पण मराठी जाणणारा त्रयस्थ त्या इमारतीत नव्हता. नेहेम्या साक्षीदाराचा मुलगा, मी मुलीचा बाप. शेवटी साहेब येमिमाला म्हणाले, "तूच सांग. पण शब्दाला शब्द."

"ही बाई आपल्यातली होती, हे तुम्हांला कसं माहीत?"

"पाहिलंय मी."

"काय पाहिलंत?"

अबाजीकाका सांगू लागले आणि येमिमा हिब्रूत करू लागली. "तिचा तेलाचा घाणा व्हता. शुक्रवारी ऊन उतरलं का चूल विझवायची, ती शनवारी रात पडेस्तवर पेटत नसे. शनवारी घाणा बंद. बैल बाहेर उभा. इतर दिशी बैलाच्या डोल्यांवर झापडं, शनवारी काढून ठेवायची. गावातली पोरं बैल बघून वार वलखायची."

झापडं इथे येमिमा अडली. तिला शब्द माहीत नव्हता. तिने अबाजीकाकांना मराठीत विचारलं, "झापडं म्हंजे काय, काका?" त्यांनी सांगितलं. हिब्रूतला शब्दही तिला येईना, तेव्हा तिने दोन्ही तळहात स्वतःच्या डोळ्यांवर ठेवले आणि मग काढले. "शनिवारी असं," ती साहेबांना म्हणाली.

शनिवारी कामाला हात न लावणं ही आमच्या धर्माची खूण, साहेब लिहिता लिहिता थांबले. "बैल तुम्ही पाहिलात?"

"पाहिलाय. तांबडा व्हता. उजवं शिंग मोडकं."

साहेबांनी तेही लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला आणि फाईल बंद केली. आजीचा फोटो सॅलीला परत देताना ते म्हणाले, "बाई कडक असणार." कुत्र्याचा कागदही त्यांनी परत दिला, तो मात्र पालथा घालून. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

लग्न सप्टेंबरात झालं. मेंदी झाली, एलियाहू हनाबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा झाला. त्यातलं एक ताट नेतिवोतकरने संपवलं, पण त्या दिवशी त्याला कोणी ओरडलं नाही. शमुएलने अहेर म्हणून हंस दिला. तो हंस मात्र कोल्ह्याने दुसऱ्याच दिवशी नेला.

रविवारी येमिमा आणि मेईर एलातच्या बसने गेले. नेतिवोतकर बसमागे वळणापर्यंत धावला आणि जीभ बाहेर काढून परत आला. सॅली मागच्या दारात पायरीवर बसली. समोर तांदळाचं सूप होतं, पण ती निवडत नव्हती. तो आला, दोनदा गोल फिरला आणि हनुवटी तिच्या पावलावर ठेवून पडून राहिला. मी खिडकीत उभा होतो. संध्याकाळ व्हायला आली होती. तेवढ्यात ओढ्यातून कोल्हा वर आला, अंगणात शिरला आणि त्याने आठवी कोंबडी उचलली. नेतिवोतकरने डोळे उघडून ते सगळं नीट पाहिलं. पण हलला असता तर सॅलीचा पाय हलला असता. तो हलला नाही. मीही ओरडलो नाही.

दुसऱ्या दिवशी तांदळाच्या डब्याखालून गुलाबी अर्ज काढला, 'राखण' खोडलं आणि बेझालेलकडे गेलो. तो ऑलिव्ह खात होता.

"ठरलं एकदाचं?" त्याने विचारलं.

"ठरलं."

त्याने अर्ज वरून खाली वाचला आणि शिक्का उचलला. मी म्हणालो, जरा थांब. सोबत कोणाला, हे लिहायला रकाना कुठे आहे? तो म्हणाला, असा रकाना नसतो. मी अर्ज परत घेतला आणि 'सोबत'च्या शेजारी समासात लिहिलं : दोघांना.